कांद्याचा भाव, आमचा बॉट आणि मधले उद्योग: प्रकल्प नोंदी

9 जून 2025

आजपासून काम ऑफिशियली सुरू. सध्या काय चालतं तर रोज संध्याकाळी कृषी डेस्कवरच्या ताई व्हॉट्सॲपवर आलेले बाजार समित्यांचे भाव हाताने टाइप करतात, त्याची बातमी होते, वाक्य रोज तेच फक्त आकडा वेगळा, आणि ती पोर्टलवर पडेपर्यंत ज्याला भाव पाहिजे होता त्याने तो गावच्या ग्रुपवर कधीच बघितलेला असतो. हे मशीनने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने (बॉटने) करावं एवढाच मूळ विचार.

संपादकांना यात एआय हवंय. मला विचाराल तर निम्म्या कामाला ते लागतच नाही, साधी पायथन स्क्रिप्ट पुरते, पण प्रपोजलमध्ये तो शब्द घातला की सर्व्हरचे पैसे मंजूर होतात, मग घातला.

कामाचे दोन भाग. एक म्हणजे रोजच्या भावाचा ड्राफ्ट आपोआप तयार होणं, आणि हे काही नवीन नाही, असोसिएटेड प्रेसने 2014 मध्येच कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या मशीनला दिल्या, आधी तिमाहीला साधारण 300 व्हायच्या त्या 3000 च्या वर गेल्या. दुसरा भाग म्हणजे भावात काही विचित्र दिसलं की निफाडच्या आमच्या वार्ताहरांना मेसेज जाणं, की दादा जरा बघा. माझा सगळा जीव या दुसऱ्यात आहे.

12 जून

डेटा. दोन ठिकाणी मिळतो, केंद्राचं ॲगमार्कनेट आणि आपलं कृषी पणन मंडळ. दोन्हीकडे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे कॉलम. वाटलं जोडून टाकू दोन्ही, तासाभराचं काम. कसलं काय. एकीकडे आवक टनात, दुसरीकडे क्विंटलमध्ये, म्हणजे दहापटीचा फरक, तो सरळ असतो म्हणून सापडतो तरी. खरी गुंतागुंत नावांत आहे. लासलगाव वेगळं, लासलगाव-विंचूर वेगळं, लासलगाव-निफाड वेगळं, तिन्ही एकाच समितीचे आवार पण डेटात ओळी तीन. पिंपळगाव बसवंतचं सायखेडा तसंच. बेरीज करायची का नाही हे बातमीवर ठरतं, "लासलगावचा भाव" म्हणताना लोकांच्या डोक्यात मुख्य आवार असतो पण "लासलगावची आवक" म्हणताना बऱ्याचदा सगळं मिळून असतं.

मग जात. लाल, उन्हाळ, पोळ, पांढरा, आणि एक "लोकल" नावाचा डबा ज्यात काहीही असू शकतं. मार्च-एप्रिलमध्ये लेट खरिपाचा लाल आणि नवा उन्हाळ दोन्ही एकाच दिवशी एकाच आवारात, भाव वेगळे. यांची सरासरी काढणाऱ्याला खरंतर एकदा विंचूरच्या आवारात उभं केलं पाहिजे. आम्ही जात वेगळीच ठेवणार, ग्राफ थोडा कुरूप दिसला तरी चालेल.

13 जून

वार्ताहर दादांशी फोनवर बराच वेळ. त्यांना विचारलं सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी ना, तर म्हणाले, "नाही रे बाबा, बहुतेक ट्रॉल्या ज्या भावाला गेल्या तो. सरासरी कोण काढत बसतंय लिलावात." म्हणजे संख्याशास्त्रातला मोड, मीन नाही. आमच्याच जुन्या बातम्यांत सर्रास "सरासरी दर" छापलंय, बाकी सगळेही तेच छापतात, पण बॉटच्या वाक्यात "सर्वसाधारण" असाच शब्द राहील असं ठरवलं.

अजून एक समजलं. लिलाव सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत. दुपारी एकला डेटा ओढला तर तो अर्ध्या दिवसाचा, आणि दुपारच्या सत्रात भाव शे-दीडशेने इकडेतिकडे होऊ शकतो. स्क्रिप्ट संध्याकाळनंतरच चालवायची.

17 जून

आज साफसफाई आणि आजच एका गोष्टीवर अडलो, ती नीट लिहून ठेवतो कारण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

कोणत्याही डेटा सायन्सच्या कोर्समध्ये पहिला धडा काय असतो, की आउटलायर काढा. म्हणजे बाकीच्यांपासून फारच लांब असलेला आकडा चूक समजून उडवा किंवा जवळ ओढून आणा. चुका असतातच, आकडे हाताने भरले जातात, एखादं शून्य जास्त पडलं की 1500 चे 15000 होतात. तर मी ते नेहमीचं फिल्टर लावलं, मधला आकडा घ्या, त्यापासून साधारण विचलन किती ते बघा, त्याच्या अमुक पट बाहेर गेलं की बाद. छान चाललं. मग 2023 चा फेब्रुवारी उघडून बघितला.

फेब्रुवारी 2023 म्हणजे सोलापूर. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा सोलापूर बाजार समितीत नेला, किलोला 1 रुपया भाव मिळाला, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात उरले 2 रुपये 49 पैसे आणि चेक मिळाला 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. देशभर गाजलं होतं. आता 1 रुपया किलो म्हणजे क्विंटलला 100. कमीत कमी दराच्या कॉलममध्ये 100 आला की माझं फिल्टर काय करणार? हा टायपो आहे म्हणून उडवणार. म्हणजे त्या महिन्याची सगळ्यात मोठी बातमी मी साफसफाईतच केरात टाकली असती आणि वर ग्राफ किती सुंदर आला म्हणून खूश झालो असतो.

त्यामुळे नियम बदलला. काहीही उडवायचं नाही. मूळ आकडा जसा आला तसा कायम, शेजारी एक कॉलम, त्यात "संशयित" असा शिक्का. संशयित आकडा ड्राफ्टमध्ये जाणार नाही, पण वार्ताहराकडे मात्र नक्की जाणार.

ताईंचा आक्षेप की मग रोज पन्नास मेसेज येतील. बरोबर आहे, कारण कमीत कमी दर कधीकधी एकाच खराब ट्रॉलीचा असतो किंवा गोल्टीचा (अगदी बारीक कांद्याचा), त्यात काही बातमी नसते. म्हणून एकाच समितीत एकच दिवस घसरला तर गप्प, लागोपाठ काही दिवस किंवा शेजारच्या दोन-तीन समित्यांत एकदम घसरला तर मेसेज. सोलापूरसाठी उंबरठा वेगळा ठेवावा लागेल, तिकडे डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक एवढी तुफान असते की कमी आणि जास्त दरातलं अंतर एरवीही मोठंच असतं.

18 जून

जास्तीत जास्त दरालाही तीच भानगड पण उलटी. हंगामातल्या पहिल्या कांद्याला मुहूर्ताचा भाव मिळतो, पूजा, नारळ, पहिल्या ट्रॉलीला चढी बोली, फोटो. तो आकडा खरा असतो पण भाव म्हणून त्याला अर्थ नाही. मथळ्यात कमाल दर घ्यायचा नाही, विषय संपला.

25 जून

आज ज्येष्ठ अमावस्या आणि मी नेमका आजच रिकाम्या दिवसांच्या मागे लागलोय.

डेटात भोकं खूप. रविवार सोडून द्या. दिवाळीचे आठ-दहा दिवस, मार्चअखेरचे काही दिवस जेव्हा व्यापाऱ्यांचे हिशोब चालतात, आणि अमावस्या. नाशिक जिल्ह्यात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत, आता काही ठिकाणी मोडलीय पण जुन्या डेटात ती स्पष्ट दिसते, साधारण दर साडेएकोणतीस दिवसांनी एक खड्डा. मॉडेलच्या कॉलममध्ये आता तापमान, वार, महिना आणि तिथी असं सगळं सुखाने नांदतंय, परदेशातल्या कुठल्या ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही.

पण ही भोकं भरायची कशी? नेहमीची पद्धत म्हणजे कालचा आकडा आज पुढे ढकलायचा. पायथनच्या पांडाज लायब्ररीत एका ओळीचं काम. त्या ओळीने 2023 चं काय केलं ते बघा. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, त्यानंतर नाशिक जिल्ह्यात लिलाव काही दिवस बंद. 20 सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनीच लिलावात भाग घेणं बंद केलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मग 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी आणि पुन्हा बंद. आणि माझ्या भरलेल्या शीटमध्ये? सगळे दिवस गुण्यागोविंदाने भाव चालू, सप्टेंबरअखेर तर भाव इतका स्थिर की जणू कांद्याला कुणाचं काही देणंघेणंच नाही. साठवणुकीच्या चाळीत कांदा सडत होता आणि ग्राफमध्ये सरळ रेघ!

तर हेही रद्द. रिकामी जागा रिकामीच. फक्त तिला तीन प्रकार दिले: सुट्टी (कॅलेंडरवरून कळते), नोंद उशिरा (दोन दिवसांत येते), आणि कारण माहीत नाही. तिसऱ्या प्रकारात दोनपेक्षा जास्त समित्या एकाच दिवशी आल्या की सगळ्यात वरच्या दर्जाचा मेसेज. भावाच्या चढउतारापेक्षा मला आता हा मेसेज जास्त मोलाचा वाटायला लागलाय.

2 जुलै

मॉडेल. थोडक्यात लिहितो कारण फार सांगण्यासारखं नाही. आधी सगळ्यात साधा अंदाज लावला, की उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव. मग हंगामी घटक वेगळे काढणारं मॉडेल लावलं, मग रँडम फॉरेस्ट, मग एक न्यूरल नेटवर्कही. साध्याला हरवताना बाकीच्यांना घाम फुटला, आणि जिथे हरवलं तिथेही फरक एवढा किरकोळ की बातमीत काही उपयोग नाही. भावाचा अंदाज छापायचा नाही हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. मार्केटिंगला ते आवडलं नाही, त्यांना "कांदा पुढच्या आठवड्यात कुठे जाणार" असा विजेट हवा होता. पण आमच्या अंदाजावर कुणी चाळ रिकामी केली किंवा अडवून ठेवली तर? आणि मॉडेलला दिल्लीचं कसं कळणार. कांद्याच्या भावाला जे मोठे झटके बसतात ते पावसाने बसतात नाहीतर अधिसूचनेने, आणि अधिसूचना रात्री निघते.

गडबड शोधायला मात्र मॉडेल कामाचं. आयसोलेशन फॉरेस्ट म्हणून एक पद्धत आहे, ती आवक, तिन्ही दर, शेजारच्या समित्यांशी असलेलं अंतर असं सगळं एकत्र बघते आणि जो दिवस बाकीच्यांपासून चटकन वेगळा काढता येतो त्याला जास्त गुण देते. आवक निम्मी आणि भाव तरी जागचा हलला नाही, असे दिवस ती बरोबर पकडते. नुसता भावाचा ग्राफ बघणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

3 जुलै

धोरणाचा कॉलम हाताने भरला. 29 सप्टेंबर 2019 निर्यातबंदी, 15 मार्च 2020 ला उठली. 14 सप्टेंबर 2020 पुन्हा बंदी, 1 जानेवारी 2021 ला उठली. 2023 चं वर आलंच, त्यात ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य. 4 मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं, 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 वर आलं, 1 एप्रिल 2025 पासून तेही शून्य. या तारखा ओळीने लिहिताना हात थांबला जरा. सहा वर्षांत एवढ्या वेळा नियम बदलले तर ज्याला "नॉर्मल" म्हणायचं असा काळ मॉडेलला शिकवायला आणायचा कुठून?

8 जुलै

ड्राफ्टचं लिखाण. दोन रस्ते होते, साचा (वाक्य ठरलेलं, आकडे तेवढे भरायचे) किंवा मोठं भाषा मॉडेल (स्वतः वाक्यं रचणारं एआय). दोन्ही करून बघितले.

भाषा मॉडेलची मराठी वाचायला गुळगुळीत, पण दिलेल्या चार आकड्यांतून ते काय काय काढतं! भाव वाढला की "शेतकऱ्यांमध्ये समाधानाचं वातावरण", पडला की "बळीराजा हवालदिल", आणि प्रत्येक वेळी एक कारण हवंच, "आवक वाढल्याने दरात घसरण". आवक वाढली होती का, तर नाही, त्या दिवशी कमी झाली होती. दोष त्याचा एकट्याचा नाही म्हणा, ते आपल्याच बातम्या वाचून शिकलंय आणि आपण वर्षानुवर्षं हेच लिहीत आलोय, कुणालाही फोन न करता. ताई हसून म्हणाल्या, "अगदी आपल्यासारखंच लिहितंय की."

म्हणून साचा. त्यात कारण आणि भावना यांना जागाच नाही, त्या लिहायच्या असतील तर माणसाने फोन करून लिहायच्या. साच्याची डोकेदुखी वेगळी. इंग्रजीत गावाचं नाव उचलून वाक्यात ठेवलं की झालं, आपल्याकडे येवला असेल तर येवल्यात, सटाणा तर सटाण्यात, उमराणे तर उमराण्यात, पण मनमाडला, चांदवडला, कळवणला. शेवटी प्रत्येक समितीचं रूप हाताने लिहून टेबल केलं, नियम लिहीत बसण्यापेक्षा हे लवकर झालं.

15 जुलै

जुन्या बातम्यांचं संग्रहण. लिलाव बंद होते ते का बंद होते, हे आमच्याच जुन्या बातम्यांतून काढायचं, म्हणजे पुढे असा दिवस आला की बॉट सांगेल, मागच्या वेळी असं झालं तेव्हा कारण हे होतं. यासाठी महाबर्ट घेतलं, पुण्याच्या एल3क्यूब गटाने खास मराठीवर तयार केलेलं मॉडेल, त्याला आमच्या काही शे बातम्यांना हाताने लेबलं लावून पुढे शिकवलं. लेबलं: सण, पाऊस, व्यापाऱ्यांचा बंद, हमाल-मापाऱ्यांचा बंद, शेतकऱ्यांचं आंदोलन, निवडणूक, इतर.

सुरुवातीला शेतकरी आणि व्यापारी यांच्यात ते सारखं घोटाळायचं. बघितलं तर दोन्हीकडे "लिलाव बंद" आहेच, फरक क्रियापदात. शेतकरी लिलाव बंद पाडतात, व्यापारी बंद ठेवतात. लेबल लावलेली उदाहरणं वाढवली तसं ते सुधारलं. राहिलेल्या चुका मात्र बातमीतच आहेत, काही बातम्यांत बंद कुणी केला हे शेवटपर्यंत लिहिलेलंच नाही, "लिलाव बंद पडले" एवढंच. अशांना मॉडेलने "माहीत नाही" म्हणावं हेच बरोबर.

16 जुलै

अर्धा दिवस "शेतकऱ्यां" या शब्दात गेला. शोधलं की निम्म्याच बातम्या सापडायच्या. कारण र्‍या दोन पद्धतीने टाइप होतो, एक नुक्तावाल्या ऱ ने आणि एक साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकून, स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. शिवाय युनिकोडच्या आधीच्या बातम्या जुन्या फॉन्टमध्ये, त्या कन्व्हर्टरने बदलल्यात आणि त्यात ऱ्हस्व वेलांटी अधूनमधून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलीय. सगळं एका रूपात आणलं. मराठीत हे काम करणाऱ्या कुणालाही सांगेन, मॉडेल निवडण्याआधी हे करा.

24 जुलै

दिव्यांची अमावस्या. स्क्रिप्ट गप्प बसली, तिथीचा कॉलम चालतोय.

1 ऑगस्ट

मीटिंग. संपादकांचा प्रश्न, ड्राफ्ट थेट पब्लिश का नको, मध्ये माणूस कशाला. उदाहरण म्हणून लॉस एंजेलिस टाइम्सचा क्वेकबॉट सांगितला. मार्च 2014 मध्ये भूकंप झाला आणि काही मिनिटांत बॉटने लिहिलेली बातमी वर गेली, सगळ्या जगात कौतुक. हीच गोष्ट लोक अर्धी सांगतात. जून 2017 मध्ये त्याच बॉटने सांता बार्बराजवळ 6.8 चा भूकंप झाल्याची बातमी दिली. भूकंप खरा होता, पण 1925 चा. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याकडे जुन्या भूकंपाच्या जागेची दुरुस्ती चालू होती, त्यातून चुकून अलर्ट गेला, आणि त्यात साल पडलं होतं 2025.

आमच्याकडेही जुन्या नोंदी मागाहून दुरुस्त होतात. त्यामुळे बटण माणसाकडेच. ताई ड्राफ्ट बघतील, संशयित शिक्का नसेल तर एक क्लिक, असेल तर आधी फोन. संपादक तयार झाले पण बटण "एआय मंजुरी" या नावाने असावं अशी अट, असू दे.

मला यात पटणारं उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटाच्या पेपरने 2016 मध्ये केलेल्या कामाचं वाटतं. रुग्णांशी लैंगिक गैरवर्तन करणाऱ्या डॉक्टरांवरच्या कारवाईची देशभरातली लाखाच्या वर कागदपत्रं त्यांनी गोळा केली, मशीनने फक्त कोणतं आधी वाचावं एवढं सुचवलं आणि पुढची हजारो पानं बातमीदारांनी स्वतः वाचली. आमचं काम त्यापुढे चिमूटभर, पण कामाची वाटणी तीच.

11 ऑगस्ट

डेस्कवर पहिला आठवडा पार पडला. ड्राफ्ट ठीक आहेत, कंटाळवाणे आहेत, कंटाळवाणेच असले पाहिजेत. मेसेजमध्ये बरेच फुसके निघाले. एक मात्र छान, एका उपआवारात आवक निम्म्यावर आणि भाव जैसे थे, शेजारी सगळं नेहमीसारखं. दादांना फोन केला. "अरे पेमेंट थकलंय तिथल्या एका व्यापाऱ्याकडं, लोकं माल दुसरीकडं नेताहेत. मला कसं काय नाही कळलं अजून?" म्हणून ते गाडी काढून गेले, चार शेतकऱ्यांच्या पावत्यांचे फोटो आणले, समितीच्या सचिवांची बाजू घेतली, बातमी झाली. बॉटला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याला फक्त आवकीत खड्डा दिसला. बायलाइन (बातमीवरचं नाव) दादांचीच.

मार्केटिंगने विचारलं किती क्लिक आले. भावाच्या रोजच्या बातमीपेक्षा कमी आले, सांगितलं तसंच.

20 ऑगस्ट

आता टोमॅटो हवाय सगळ्यांना, पिंपळगाव आणि नारायणगाव. कांद्याचंच वापरू म्हणाले. वापरता येणार नाही, टोमॅटोचा भाव शेतकरी 20 किलोच्या क्रेटवर बोलतात आणि सरकारी शीट क्विंटलवर, शिवाय टोमॅटो चाळीत ठेवता येत नाही, म्हणजे आवक कमी झाली तर कुणी माल अडवून ठेवलाय हा संशय इथे निकामीच. नवीन शीट उघडलंय. दादांना विचारायच्या प्रश्नांची यादी केलीय, पहिला प्रश्न क्रेट भरताना वरचा थर वेगळा लावतात का, कारण तसं असेल तर जास्तीत जास्त दराचं काय करायचं ते परत बघावं लागेल.